तिसरी चौकट

६ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला ठेवाल, हे मला माहीत आहे. ठेवू नका. यात माझ्याबद्दल फारसं नाही, माश्यांबद्दल आहे.

गुडघा कसा आहे? जिना चढता का अजून? इकडे माझं बरं चाललंय. शिवणाचं काम पुरेसं येतं. नवे कपडे हल्ली कुणी शिवून घेत नाही, पण विकतचे कुणाला नीट बसत नाहीत, त्यामुळे उसवणं आणि आत घेणं यावर माझं पोट चालतं.

मी मधमाश्या पाळल्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल, नसेल. हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात घेतल्या. पलीकडच्या गल्लीतले माळीकाका मुलाकडे राहायला निघाले होते आणि त्यांच्या दोन पेट्या कुणी घेईना. मी हो म्हटलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. माळीकाका म्हणाले, बाई, त्यापेक्षा कुत्रं पाळा, निदान हाक मारली तर येतं. पण पेट्या त्यांनी स्वतः गच्चीवर आणून ठेवल्या, आणि जाताना पेटीला पाठ करून उभं राहून डोळे पुसले. मला दिसलं नाही असं मी दाखवलं.

माझी शाळा चौथीत सुटली, वाचन सुटलं नाही. तुम्हीच म्हणायचात, हिला पुडीचा कागदसुद्धा वाचून झाल्याशिवाय टाकवत नाही. तेव्हा वाचनालयातून माश्यांचं पुस्तक आणलं आणि शिकायला लागले. मच्छरदाणीची जाळी टोपीला शिवून बुरखा केला. धुरासाठी जुन्या डब्याला भाता बसवला. पहिल्या दिवशी धूर इतका केला की खालच्या मजल्यावरच्या बाई पाण्याची बादली घेऊन वर आल्या. त्या बाईंचं आणि माझं तसं जमतं, पण माश्या त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके टाकतात. त्या म्हणतात, तुमच्या लेकींना शी-शूचं वळण लावा.

पहिली पेटी माझ्या हातून गेली. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मला दोन दिवस ताप होता, वाट्या सुकल्या, मुंग्या चढल्या. माश्या हैराण झाल्या, कमी झाल्या, आणि राखायला कुणी उरलं नाही तशी आत मेणकिडे शिरले. एका सकाळी झाकण उघडलं तर आत नुसती जाळी, कोळिष्टकासारखी. माश्या घर सोडून गेल्या होत्या. मी पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी, आता रिकाम्या, एकेक करून उन्हात मांडल्या आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही.

दुसरी पेटी मात्र बहरली. दुपारी काम आटपून मी तिच्याशेजारी चटई टाकायचे. वन्सं, तुम्हाला हे सांगायला नको, पण त्या आवाजात एक गुंगी असते. डोळे मिटले की वाटायचं, घराच्या आतल्या खोलीत पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत बसली आहेत, आणि त्यांत आपल्याला काही बोलावं लागत नाही. उन्हाला मेणाचा वास यायचा. कितीदा तरी मी तिथं झोपले आणि उठले तेव्हा केसांत एखादी माशी वाट चुकून बसलेली असायची.

मग जानेवारीत पुस्तकात वाचलं की पेटीत गर्दी झाली की माश्या नव्या राणीसाठी घरं बांधतात आणि जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते. मी तशीच उठून पेटी उघडली. चौकटीच्या खालच्या कडेला सात राणीघरं होती, भुईमुगाच्या शेंगांसारखी लोंबत होती. पुस्तकात लिहिलं होतं, ती काढून टाकावीत. मी दोरे कापायच्या कात्रीनं सातही कापली.

पान मी उलटलं नव्हतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं: मात्र त्याआधी जुनी राणी पेटीत आहे याची खात्री करावी.

ती नव्हती. आदल्या दिवशीच गेली होती. मी माप घ्यायला बाहेर गेले होते तेव्हा. खालच्या बाईंनी नंतर सांगितलं, ढगासारखं काहीतरी गुणगुणत गेलं म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आता पेटीत राणी नाही, आणि राणी होऊ शकेल असं पिल्लूही नाही, कारण ती सात मी मारली. आवाजही बदललाय. पूर्वी गुणगुणायच्या, आता कण्हल्यासारखा येतो. आणि परवापासून कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या आहेत, एकेका घरात तीन-तीन, चार-चार, कशीही, भिंतींना चिकटवलेली. त्यांतून फक्त नर निघतात. नर काही काम करत नाहीत. महिना-दीड महिन्यात पेटी संपेल.

एकच उपाय आहे. दुसऱ्या चांगल्या पेटीतली ताज्या अंड्यांची चौकट यात ठेवली तर माश्या त्यांतल्या एका अंड्याची राणी करू शकतात. माझ्याकडे दुसरी पेटी नाही. या भागात माश्या पाळणारं मला माहीत असलेलं माणूस एकच आहे, ते तुम्ही. सासरेबुवांच्या पेट्या तुम्ही अजून चालवता हे मला ठाऊक आहे.

सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्याल का? मी थांब्यावर येऊन घेईन.

त्या दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. ह्यांना पोचवून परतताना फाटकापाशी तुम्ही जे म्हणालात, की परक्या माणसालाही लोक वेळेवर कळवतात, ते मी ऐकलं होतं. उत्तर दिलं नाही. आत्ताही देत नाही. फक्त या घरात आणखी काही रिकामं झालेलं मला बघवणार नाही, म्हणून मागते.

तुमची भावजय


१४ फेब्रुवारी

वन्सं,

चौकट पोचली. कंडक्टरनं इंजिनाशेजारी ठेवून आणली, म्हणजे ऊब राहील. त्याला ते तुम्हीच बजावलं असणार. टॉवेलात काय गुंडाळलंय असं कुणीतरी विचारलं, त्यानं अंडी म्हणून सांगितलं, कुणाची म्हटल्यावर माश्यांची म्हणाला, तेव्हापासून निम्मी बस उभ्यानं आली म्हणे.

टॉवेल अजून ओला होता. आत तुमची चिठ्ठी: “मधोमध ठेव. धूर कमी. पुस्तक मिटून ठेव.” तीनदा वाचली. सातच शब्द, पण ह्यांच्यानंतर तुमच्या हातचं पहिलंच काही घरात आलं.

एक गंमत झाली. चौकट माझ्या पेटीत बसेना. सासरेबुवांनी तुमच्या पेट्या स्वतःच्या मापानं केलेल्या, तिची वरची पट्टी दोन्हीकडून बोटभर लांब. आता अंडी गार पडतील म्हणून मी घाबरले. मग आठवलं, त्यांचीच करवत ह्यांनी पलंगाखाली ठेवलेली आहे. गच्चीवर मांडी घालून बसले, चौकट मांडीवर आडवी, पोळ्याला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून पट्टीचे दोन्ही कान कापले. सुताराच्या सुनेला हे जमायलाच हवं. कापताना लाकडाचा भुगा अंड्यांत पडेल म्हणून मध्ये मध्ये पदरानं झाकत होते.

ठेवली तेव्हा माश्या आधी बाजूला झाल्या. मग एक पुढे आली, मग दहा, आणि बघता बघता त्यांनी ती चौकट अंगाखाली घेतली. अंडी दिसेनाशी झाली. मी झाकण लावून तिथंच बसून राहिले. ऊन उतरलं, समोरच्या इमारतीच्या काचा लाल झाल्या, आणि मला उगाच वाटलं की आवाज जरा खालच्या पट्टीत आलाय. वाटलं असेल.

आज पाचवा दिवस. राणीघर बांधलेलं नाही. पण कामकरी माश्यांची अंडी कमी झाल्यासारखी दिसतात. एका चौकटीनं भागत नाही का?

तुमची भावजय


२३ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरी चौकट मिळाली. या वेळी पट्टी आधीच कापून पाठवलीत. कापलेल्या जागी तुम्ही मेण लावलंय, ते बघून मला कसंसंच झालं.

चिठ्ठीत लिहिलंत की बिघडलेली पेटी एका चौकटीनं सुधारत नाही, आठ-दहा दिवसांनी एक अशा तीन द्याव्या लागतात. पिल्लांचा वास लागला की माश्या शहाण्या होतात, आणि तिसरीला बहुतेक राणी करतात. तिसरी एक मार्चला पाठवते म्हणालात. आणि खाली, वेगळ्या शाईनं, म्हणजे नंतर कधीतरी लिहिलेलं: “धाकट्याला लहानपणी माश्यांचं वेड होतं. शेवटी काही बोलला का?”

मी चार दिवस ती चिठ्ठी मशीनच्या खणात ठेवली. कुणी दारात आलं की खण लावायचे. “काही नाही, झोपेतच गेले,” असं लिहून एक पत्र तयारही केलं. तिकीट लावलं. पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. तुमच्या चौकटीची अंडी माझ्या पेटीत वाढत असताना ते पत्र मला टाकवेना.

म्हणून आता सांगते. वाचून झाल्यावर तुम्ही तिसरी चौकट पाठवली नाहीत तर मी काही म्हणणार नाही. पेटी जाईल, जाऊ दे.

तुम्हाला मी फोनवर अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी मला त्याच सकाळी सांगून ठेवलं होतं की आता दोन दिवस, फार तर तीन. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या म्हणाले. मी मान हलवली. घरी आले, फोन हातात घेतला आणि तुमच्याशी बोलले, तेव्हा तोंडातून कणकण हा शब्द आला. ठरवून आला नाही. पण आल्यावर मी तो मागेही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तुमचं नाव काढलं. शुद्धीत होते. मला नीट ऐकू आलं. मी फोन केला नाही. संध्याकाळी केला नाही. पहाटे ते गेले आणि मग केला.

आता हे का केलं, ते. तुम्हाला मी ओळखते, तुम्ही तेच विचाराल.

तुम्ही आलात की हे धाकटे व्हायचे. एरवी मीटर वाचत दारोदार फिरलेला, कमी बोलणारा माणूस. तुम्ही उंबऱ्यात पाऊल टाकलं की त्यांचा आवाजच बदलायचा. तुमच्या दोघांच्या लहानपणात मला जागा नव्हती. तुम्ही कधी मला तसं दाखवलं नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. पण तुम्ही दोघं हसायला लागलात की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसायचे. चोवीस वर्षं बसले. शेवटच्या दोन दिवसांत मला भांडी लावायची नव्हती. मला ते माझे हवे होते, कुणाचे धाकटे नकोत. तुम्ही आला असता तर त्यांनी तुमच्याकडे तोंड करून प्राण सोडला असता. मला ते नको होतं.

एवढंच आहे. यापेक्षा चांगलं कारण मी जवळजवळ अकरा महिने शोधते आहे, सापडलं नाही.

काय बोलले ते शब्द न् शब्द मला पाठ आहे. कागदावर उतरत नाही. हात थांबतो.

दोन्ही चौकटींबद्दल उपकार मानते. दुसऱ्या चौकटीवर माश्या दाट बसल्या आहेत. मी उघडून बघितलं नाही.

तुमची भावजय म्हणवून घ्यावं की नाही हे न कळणारी


९ एप्रिल

वन्सं,

तुम्ही सांगितलं होतं की पाच आठवडे झाकण उघडू नकोस, आणि राणी अंडी घालायला लागल्याशिवाय मलाही लिहू नकोस. मी दोन्ही पाळलं. पाच आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत.

तुम्ही एक मार्चला स्वतः याल असं मला वाटलं नव्हतं. थांब्यावर मी कंडक्टरच्या दाराशी उभी होते आणि मागच्या दारातून तुम्ही उतरलात, तान्ह्या मुलासारखी चौकट छातीशी धरून. गुडघा इतका दुखत असताना. मी हात पुढे केला तर म्हणालात, राहू दे, मीच धरते, तू कात्री घेऊन येशील.

रिक्षात चौकट पदराखाली धरलीत. जिना एकेक पायरी थांबत चढलात. गच्चीवर तुम्ही बुरखा न घालता पेटी उघडलीत. मी तुमच्या हाताकडे बघत होते. ह्यांचा हात तसाच होता, अंगठ्याची तीच ठेवण. हे मी चोवीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या चौकटीवर एक राणीघर धरलेलं तुम्हीच मला दाखवलंत, शेंगेएवढं, नुकतंच तोंड बंद केलेलं. तिसरी चौकट तरीही ठेवलीत. माझी सुटका झाली असं मला वाटलं.

मग तुम्ही खाली ह्यांच्या खोलीत जाऊन बसलात. मी चहा आणला, तुम्ही घेतला नाहीत. खिडकीकडे बघत बोललात. तुमचं ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. तुम्ही म्हणालात:

“वर्षभर मला वाटत होतं की त्यानं विचारलंच नाही. एवढा जवळचा, आणि जाताना एकदा नाव घेतलं नाही माझं. तेच कुरतडत होतं मला. तू केलंस ते वाईट केलंस. माफ केलं असं मी म्हणणार नाही, माझ्या तोंडून ते येणार नाही. पण त्यानं विचारलं होतं, हे मला आज कळलं.”

आणि नेमकं काय म्हणाला असं तुम्ही विचारलंत. मी गार झालेला चहा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि कप विसळत बसले. शेवटी उठून चप्पल घालताना म्हणालात, बोलता येत नसेल तर लिही, लिहायला तुला बरं जमतं. आत्ता नको. राणी अंडी घालू दे, तोवर तुझं मन ठिकाणावर येईल.

मन ठिकाणावर आलं की नाही, माहीत नाही. पण चार दिवसांपूर्वी पाच आठवडे पूर्ण झाले. सकाळी ऊन पाठीमागून घेतलं, चष्मा पुसला, मधली चौकट उचलली. आधी काही दिसलं नाही. मग चौकट जरा तिरकी केली आणि घरांच्या तळाशी बारीक पांढरं काही चमकलं, मलमलीच्या धाग्याचा तुकडा असावा एवढं. एका घरात एक. पुढच्या घरात एक. सगळीकडे एकच, तळाशी मधोमध, उभं. हात भरून माश्या होत्या, एकही चावली नाही. राणी मला दिसली नाही, मी शोधलीही नाही. ती आहे एवढं पुरे. आवाज पुन्हा तसा झालाय, आतल्या खोलीत माणसं बोलत बसल्यासारखा. मी चौकट परत ठेवली, चटई टाकली आणि तासभर झोपले. स्वप्नात कुणीच नव्हतं, नुसता आवाज होता आणि पिवळं ऊन. जागी झाले तेव्हा अंगावर चादर होती. खालच्या बाई कपडे काढायला आल्या असतील, त्यांचीच होती, ठिपक्यांची.

आता लिहिते.

दुपारचे दोन वाजून गेले होते. खोलीत पडदा ओढलेला होता तरी फटीतून उन्हाची रेघ जमिनीवर पडली होती. मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होते. त्यांनी डोळे उघडले, त्या रेघेकडे बघितलं. आवाज स्वच्छ होता, जरा खुशीत असल्यासारखा, तुमच्याशी बोलताना असायचा तसा. म्हणाले,

“बाहेर फार ऊन आहे. ताईला म्हणावं, आत्ता चालत निघू नको. ऊन उतरलं की ये. मी जागा आहे.”

एवढंच. तुम्ही येणार आहात हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. बोलवा असंसुद्धा म्हणाले नाहीत, वन्सं. तुम्ही निघाला आहात, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तुमच्या डोक्याला ऊन लागेल याची काळजी होती. मी बरं म्हटलं. सांगते म्हटलं. संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं. मी दार लोटून घेतलं.

यातलं आता माझ्याकडे काही राहिलं नाही. मी तुम्हाला सगळं दिलं.

निरोप उशिरा पोचवणारी,
तुमच्या धाकट्याची बायको